व्हिस्की नेमकी कशाला म्हणायचे?

विशेष प्रतिनिधी

शनिवारची संध्याकाळ. कोथरूडमधील एका सदनिकेत आठ मित्र जमलेले. टेबलावर चार बाटल्या, आणि चारही तपकिरी कागदात गुंडाळलेल्या. चकण्याची बशी आज मुद्दाम बाजूला ठेवलेली, कारण खाऱ्या दाण्यांनी जीभ बधिर होते, असे यजमानांचे म्हणणे. साधे पाणी, बिनमिठाची बिस्किटे आणि प्रत्येकापुढे एक कोरा कागद. बैठकीचा विषय आधीच कळवलेला होता : 'भारत'. पेल्यात जेमतेम दोन चमचे व्हिस्की ओतायची, वास घ्यायचा, घोट जिभेवर फिरवायचा आणि ही बाटली कुठली ते कागदावर लिहायचे, एवढाच खेळ.

मुंबई-पुण्यातील सुस्थित मध्यमवर्गात अशा बैठका आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. कधी धुरकट वासाच्या व्हिस्कींची संध्याकाळ, तर कधी एकाच पिंपजातीतल्या चार बाटल्या. पिणे हा मुख्य कार्यक्रम न राहता चाखणे आणि त्यावर वाद घालणे हा मुख्य कार्यक्रम झाला आहे. कोथरूडच्या या बैठकीत मात्र वाद चवीवरून सुरू झाला आणि व्याख्येवर येऊन थांबला. त्याला कारण ठरली चौथी बाटली.

पहिल्या तीन बाटल्यांपैकी एक स्कॉटलंडची, एक बंगळुरूची आणि एक गोव्याची होती. आठपैकी पाच जणांनी गोव्याच्या बाटलीला स्कॉच ठरवले. चौथीबद्दल बहुतेकांनी 'गोड आहे, पण मागे काही उरत नाही' अशा अर्थाचे काहीतरी लिहिले. कागद काढल्यावर निघाली ती कोपऱ्यावरच्या दुकानात रोज पेट्यांनी खपणारी स्वस्त भारतीय व्हिस्की. मग एकाने विचारले, 'ही कशापासून करतात?' लेबल उलटसुलट वाचूनही समाधानकारक उत्तर मिळेना.

उत्तर गुपित नाही, फक्त ठळक अक्षरांत छापलेले नसते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार शेतीमालापासून काढलेल्या तटस्थ मद्यार्कापासूनही व्हिस्की करता येते. हा मद्यार्क वर्षानुवर्षे प्रामुख्याने उसाच्या मळीपासून निघत असे. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी इथेनॉलची मागणी वाढल्यापासून मळी तिकडे वळू लागली आणि मद्यासाठी धान्यापासून काढलेल्या मद्यार्काचा वापर वाढला. तो जवळजवळ शुद्ध होईपर्यंत ऊर्ध्वपातित केलेला असल्याने त्याला स्वतःचा वास-स्वाद फारसा नसतो. त्यात थोडी माल्ट व्हिस्की मिसळायची, रंगरूप द्यायचे, की बाटली तयार. युरोपीय नियमांत मात्र व्हिस्की धान्यापासूनच व्हावी लागते, ऊर्ध्वपातन 94.8 टक्क्यांच्या आत थांबवावे लागते आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरवावी लागते. या कसोटीवर आपल्याकडील खपाचा फार मोठा हिस्सा व्हिस्की ठरतच नाही. मळीच्या मद्यार्काला तर तिकडे रमचेच भाईबंद मानले जाईल.

उष्ण हवेचा हिशेब

दुसऱ्या टोकाला बंगळुरू आणि गोव्याच्या त्या दोन बाटल्या आहेत. बंगळुरूच्या जगदाळे कुटुंबाने (आडनाव मराठी वाचकांना ओळखीचे वाटेल) 'अमृत' ही सिंगल माल्ट व्हिस्की 2004 मध्ये बाजारात आणली ती भारतात नव्हे, तर थेट ग्लासगोत. स्कॉचच्या माहेरघरीच परीक्षा द्यायची, हा त्यामागचा विचार. 2010 मध्ये समीक्षक जिम मरे यांनी 'अमृत फ्यूजन'ला जगातील तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवले आणि भारतीय माल्टकडे पाहण्याची दृष्टी बदलली. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी 'पॉल जॉन' 2012 मध्ये ब्रिटनमध्येच प्रथम विकली गेली. हरियाणातील 'इंद्री' त्यानंतरची.

या व्हिस्कींचा खरा प्रतिस्पर्धी स्कॉच नसून आपली हवा आहे. पिंपात मुरताना दरवर्षी काही भाग उडून जातो. स्कॉटलंडच्या गारठ्यात ही घट वर्षाला सुमारे 2 टक्के, तर दक्षिण भारतात ती 10 टक्क्यांच्या आसपास धरली जाते. 200 लिटरचे पीप 12 वर्षे ठेवले तर स्कॉटलंडमध्ये सुमारे 157 लिटर उरतील. आपल्याकडे जेमतेम 56. म्हणून भारतीय माल्ट सहसा कमी वयातच पिंपातून काढली जाते. उष्णतेने मुरण्याचा वेगही वाढतो. त्यामुळे तिची चव वयापेक्षा प्रौढ लागते, हे कोथरूडच्या पाच कागदांनी दाखवलेच. पण दुकानातला ग्राहक चव पाहून विकत घेत नाही. तो लेबलावरचा '12 वर्षे' हा आकडा पाहतो, आणि तिथे भारतीय बाटलीचा पराभव ठरलेला असतो.

भारत-ब्रिटन व्यापार कराराकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. 24 जुलै 2025 रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या या करारात ब्रिटिश व्हिस्कीवरील 150 टक्के आयातशुल्क अंमलबजावणीबरोबर 75 टक्क्यांवर आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. स्कॉच स्वस्त होणार म्हणून देशी मद्य उद्योग बुडणार, अशी ओरड तेव्हा झाली. ती अर्धीच खरी आहे. 2022 मध्ये स्कॉचच्या सुमारे 21.9 कोटी बाटल्या भारतात आल्या आणि संख्येच्या बाबतीत भारताने फ्रान्सला मागे टाकले. तरीही देशातील एकूण व्हिस्कीच्या बाजारात स्कॉचचा वाटा दोन-तीन टक्क्यांचाच होता. शिवाय पिंपातून घाऊक येणारी स्कॉच इथल्याच कंपन्या आपल्या महागड्या मिश्रणांत वापरतात. शुल्क घटल्याने त्यांचा कच्चा माल स्वस्त होतो. झळ बसेल ती मधल्या पायरीवरच्या भारतीय सिंगल माल्टला, कारण तिच्या किमतीला बारा वर्षांची स्कॉच मिळू लागली तर ग्राहक कुठे वळेल, हे सांगायला तज्ज्ञ नको. ब्रिटनने तीन वर्षांची अट शिथिल करावी ही भारतीय उद्योजकांची मागणी जुनी आहे. उष्ण हवेचा त्यांचा युक्तिवाद माल्टपुरता रास्तही आहे. पण त्याच युक्तिवादाच्या आडून तटस्थ मद्यार्काच्या बाटल्याही 'व्हिस्की' म्हणून पुढे सरकवल्या जातात, आणि मग ज्याची बाजू खरी त्याचेही कोणी ऐकत नाही.

राज्याचे धोरण तर याहून गोंधळाचे. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2021 मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणले. शेजारच्या राज्यांतून होणारी चोरटी आवक थांबावी, हे त्याचे कारण. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने लिटरमागे 260 रुपयांपर्यंत उत्पादनमूल्य जाहीर केलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले. म्हणजे चार वर्षांत श्रीमंताच्या बाटलीवरचा भार निम्मा, तर सामान्याच्या बाटलीवरचा दीडपट. त्याच निर्णयात धान्यापासून केलेल्या 'महाराष्ट्र निर्मित मद्य' या नव्या प्रकाराला जन्म मिळाला. 180 मिलिलिटरची किमान किंमत देशी दारूला 80 रुपये, नव्या प्रकाराला 148 आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला 205. स्थानिक कारखानदारांना काम आणि तिजोरीला महसूल, हे दोन्ही हेतू सरकारने लपवलेले नाहीत. धान्यापासून मद्यार्क काढण्याला अनुदान देण्याच्या 2007 च्या धोरणावर डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी उठवलेला आक्षेप या वेळी फारसा कोणाला आठवला नाही, ही गोष्ट वेगळी.

जाता जाता कायद्याचेही सांगायला हवे. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना हवा आणि वय 25 पूर्ण हवे. कोथरूडच्या आठांपैकी दोघांकडे परवाना होता. जमलेल्यांकडून पैसे घेऊन पाजले तर ती विक्री ठरते, हे यजमानांना ठाऊक होते. म्हणून बाटल्या प्रत्येकाने एकेक आणायच्या, असा त्यांचा दंडक आहे.

पुढच्या बैठकीसाठी विषय निघाला तेव्हा एकाने 'महाराष्ट्र निर्मित मद्य' सुचवले. आधी सगळे हसले. मग त्या बाटलीवर धान्य कोणते, मद्यार्क कुठला आणि किती मुरवलेला, हे छापलेले असेल का, यावर पैज लागली. कागदात गुंडाळण्याआधी लेबल मोठ्याने वाचून दाखवायचे, असे ठरले आहे.