कायदा कोणाच्या कपाटात?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण मराठी माणसे मोठ्या कौतुकाने सांगतो. तिच्यात शहाणपण किती आणि लबाडी किती, याचा विचार मात्र करीत नाही. पायरी न चढलेल्या शहाण्याचा बांध शेजाऱ्याने कोरला, बहिणीचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर कधी चढलेच नाही, तरी म्हणीचा मान राहिला म्हणून आपण समाधान मानतो. बहुधा ज्याच्या ताब्यात जमीन असते तोच ही म्हण सांगत असतो! कोर्टाची पायरी चढावी की न चढावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपला कायदा कोणत्या पुस्तकात आहे आणि ते कोठे वाचावयास मिळते, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. आमच्या खानदेशात ते कोणालाच ठाऊक नाही, असे म्हटले तर वाचकहो, रागावू नका. पुढचे आधी ऐका.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली गेला. नऊ वर्षांनी, १८२७ साली, मुंबई सरकारने आपली रेग्युलेशने जारी केली. त्यांतील चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमात, न्यायाधीशाने निवाडा कशाच्या आधारे करावा याचा क्रमच लावून दिला आहे. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तर ज्या मुलखात दावा उद्भवला तेथली वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचे धर्मशास्त्र. आणि यांपैकी काहीच हाती लागले नाही तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. वहिवाट शास्त्राच्या आधी बसविली, हे ध्यानात घ्या. म्हणजे जळगाव-धुळ्याकडच्या माणसाची रीत ही कायद्याच्या झऱ्यांपैकी एक झरा ठरली, आणि तीही काशीच्या पोथीच्या वरच्या अंगाला!

मग ही रीत लिहून ठेवावयास नको काय? इंग्रजांनी ती लिहिली. आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमधील जातींच्या चालीरीती शास्त्र्यांकडून आणि जातींच्या प्रमुखांकडून विचारून घेतल्या आणि त्याच १८२७ साली छापल्या. इंग्रजीत, अर्थात. बायकांना त्याने काय विचारले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पोथ्यांचीही गोष्ट अशीच. विज्ञानेश्वराची मिताक्षरा महाराष्ट्रात श्रेष्ठ, गुजरात आणि मुंबई बेटात नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख श्रेष्ठ. पण पुणे, नगर आणि खानदेश येथे मयूखाचे वजन मिताक्षरेच्या जवळजवळ बरोबरीचे, असे मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या निवाड्यांतून ठरत गेले. हा पंडिती वाद नव्हे. मयूखाने बहिणीला वारसांत आजीच्या पाठोपाठ मानाचे स्थान दिले आहे. भाऊबीजेला ओवाळणी टाकणाऱ्या किती खानदेशी भावांना हे माहीत होते? बहिणीला ताटातले लाडू द्यायचे आणि सातव्या महिन्यात हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, ही आमची खरी ‘वहिवाट’ होऊन बसली!

पुढे १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलीला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत भागीदार केले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंका मिटविली. बहुतेक घरांपुरता मयूख आता इतिहासजमा झाला. पण सगळ्या घरांपुरता नव्हे. त्याच १९५६ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले आहे, की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे साक्री-शिरपूरच्या भिल्लांच्या घरी, चोपडा-यावलकडे सातपुड्यात राहणाऱ्या पावऱ्यांच्या घरी, जमिनीचा वारसा आजही रूढीनेच ठरतो. १८२७ ची ती दुसरी पायरी तेथे अजून जागेवर आहे.

आणि ती रूढी कोठे लिहिली आहे? गावातला कोणी वडीलधारा म्हणतो, ‘आमच्यात पोरीला वाटा नसतो.’ झाले! तोच पुरावा, तोच निवाडा. वास्तविक कायद्याच्या दृष्टीने रूढी ही पुरातन, अखंड, निश्चित आणि वाजवी असावी लागते आणि जो ती सांगतो त्याने ती सिद्ध करावी लागते. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांना वाटा दिला तो याच मुद्द्यावर. मुलीला वगळण्याची रूढी कोणी शाबीतच केली नव्हती, खालच्या कोर्टांनी ती गृहीत धरली होती. तेव्हा न्यायालयाने न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांचा आधार घेतला. एल्फिन्स्टनच्या काळातले तेच शब्द! पण ही बातमी शिरपूरच्या पाड्यावरच्या बाईला कोणी सांगावयाची?

‘वकील आहेत की,’ असे काहीजण म्हणतील. आहेत, पण वकिलाच्या कपाटातही जे छापलेच नाही ते कोठून येणार? आडात नाही ते पोहऱ्यात कसे यावे? रूढीची साक्ष होते ती खालच्या कोर्टात, मराठीत. आणि ती तेथल्याच दप्तरात पडून राहते. रिपोर्टात छापून येतो तो वरच्या कोर्टाचा निवाडा, आणि उच्च न्यायालयाचे कामकाज घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे इंग्रजीत.

‘आता सारे मोबाइलवर फुकट मिळते,’ हे दुसरे उत्तर. त्यात तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे विनामूल्य वाचता येतात, काहींची मराठी भाषांतरेही निघतात. हे काम आम्ही मोलाचे मानतो. पण यंत्राला जे घातले तेच ते शोधणार. ज्याची नोंदच नाही ते विचारले तर नव्या जमान्याचे बोलके यंत्र खुशाल बनावट दाखले रचून देते. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी असे न झालेले खटले कोर्टापुढे ठेवले आणि दंड भरला. तेथे निदान पडताळून पाहावयास ग्रंथालय होते. पावऱ्यांच्या रूढीविषयी यंत्राने थाप मारली तर ती कोणत्या पुस्तकाशी ताडून पाहावयाची?

तिसरा आक्षेप खरा वजनदार. रूढी लिहिली की ती गोठते, आणि सांगणारे पुरुषच असले तर पुरुषांच्या सोयीची गोठते. स्टीलचे नेमके तेच झाले. त्यावर उपाय न लिहिणे हा नव्हे. कोणी सांगितले, कोणत्या साली, कोणाचे मत वेगळे पडले, हे सारे लिहावे. आणि प्रत्यक्षात मुलीला जमीन दिल्याची उदाहरणे आवर्जून टिपावीत, कारण अशा एका उदाहरणानेही ‘अखंड’ म्हणविणाऱ्या रूढीला छेद जातो.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळीत आयुष्यभर हिंडले आणि १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आहे. इतिहासाची साधने जमविण्याची परंपरा ज्या गावाला आहे, त्याला कायद्याची साधने जमविणे का जमू नये? धुळ्यात आणि जळगावात विधी महाविद्यालये आहेत, जळगावला विद्यापीठ आहे. विद्यार्थ्यांनी परवानगी काढून दोन्ही जिल्हा न्यायालयांच्या जुन्या दप्तरांतून रूढीच्या साक्षी उतरून घ्याव्यात, पाड्यांवर जाऊन नव्या नोंदी कराव्यात, त्या मराठीत छापाव्यात आणि एकेक प्रत प्रत्येक तहसील कचेरीत, कोणालाही मागता येईल अशी, टेबलावर ठेवावी. कपाटात नव्हे.