फाशाविना खेळ

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध लेणी आहेत. पुढे क्रमांक २१ च्या रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळतानाचे शिल्प आहे. फासा पडेल तशी सोंगटी चालायची, ही द्यूताची रीत. आपल्या वसतिगृहातील मुलांच्या हाती मात्र फासा नसलेला एक खेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते.

त्याचे नाव हेक्स. डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी तो १९४२ मध्ये मांडला; १९४८ मध्ये अमेरिकेतील गणितज्ञ जॉन नॅश यांना तो स्वतंत्रपणे सुचला. षट्कोनी घरांच्या ११ ओळी, प्रत्येक ओळीत ११ घरे, असा तिरका पट. समोरासमोरच्या दोन कडा एकाच्या, उरलेल्या दोन दुसऱ्याच्या. आळीपाळीने कोणत्याही रिकाम्या घरात एक सोंगटी ठेवायची. ती हलत नाही, मरत नाही. आपल्या दोन कडा अखंड साखळीने जो जोडेल, तो जिंकला.

येथे बरोबरी होऊच शकत नाही. दुसऱ्याची वाट पुरती रोखायची, तर स्वतःची वाट पुरती बांधावीच लागते. पहिल्या खेळाडूचे पारडे जड असते, हे नॅश यांनी सिद्ध केले. त्यावर तोडगाही सुंदर आहे: पहिली सोंगटी पडल्यावर ती आपलीशी करण्याची मुभा दुसऱ्याला असते. भाकरी एकाने मोडावी, तुकडा दुसऱ्याने निवडावा, तसे हे. समतेचा असा पाठ व्याख्यानातून क्वचितच मिळतो.

कोणी म्हणेल, ब्रह्मजालसुत्तात ८ व १० घरांच्या ओळींचे पटखेळ प्रमादाचे स्थान म्हणून श्रमणांना वर्ज्य मानले आहेत. आक्षेप रास्त आहे. परंतु आपली मुले श्रमण नाहीत, आणि सुत्ताचा रोख प्रमादावर आहे. या खेळात पैज नाही; बेसावध राहणारा हरतो. वेळेची मर्यादा मात्र आपण घालावी.

आपल्यातील अनेकांच्या घरी ‘नशिबात नव्हते’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले. हेक्समध्ये हरलेल्या मुलाला ते म्हणता येत नाही. आपली कोणती चाल चुकली, हे त्याला पटावरच शोधावे लागते. खर्च म्हणाल, तर एक कागद, मूठभर चिंचोके आणि मूठभर खडे. रविवारची दुपार तेवढी आपण द्यावी.