मुदत कोणासाठी?

राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधीची हमी दिली आणि धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान इत्यादी कारणांवरून भेदभाव करण्यास सरकारला मनाई केली. ही हमी १९५० पासून कागदावर आहे. ती मोडली गेल्यास नोकराने किती दिवसांच्या आत दाद मागावी, हे मात्र घटनेत नाही. ते निरनिराळ्या कायद्यांच्या कलमांत विखुरलेले आहे. कर्मचाऱ्यांच्या चळवळीत वेतन, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन यांची चर्चा पुष्कळ होते. तक्रारीच्या मुदतीचा विषय वकिलांवर सोडून दिला जातो. परिणामी कितीतरी प्रकरणे अन्याय झाला की नाही या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाहीत. ती तारखेपाशीच संपतात.

बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ साली सेवाविषयक तंट्यांसाठी न्यायाधिकरणांची तरतूद केली आणि त्यानुसार प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ हा कायदा झाला. महाराष्ट्राचे प्रशासकीय न्यायाधिकरण १९९१ पासून आहे. या कायद्याच्या कलम २० नुसार नोकराने आधी खात्यातील उपाय संपवावे लागतात. कलम २१ नुसार अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अपील वा अभिवेदन दिले असेल आणि सहा महिन्यांत निर्णय झाला नसेल, तर ते सहा महिने संपल्यापासून पुढे एक वर्ष मिळते. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. परंतु तो न्यायाधिकरणाच्या विवेकाधीन प्रश्न आहे, नोकराचा हक्क नव्हे.

वाचताना ही योजना उदार वाटते. व्यवहारात काय घडते? पदोन्नतीत डावलला गेलेला कारकून वरिष्ठांकडे अभिवेदन देतो. उत्तर येत नाही. तो स्मरणपत्र देतो. आस्थापना शाखेतून तोंडी सांगितले जाते की प्रकरण विचाराधीन आहे. साहेबांना दुखवू नये म्हणून तो थांबतो, पुन्हा स्मरणपत्र देतो. प्रत्येक स्मरणपत्राने आपला दावा जिवंत राहतो अशी त्याची समजूत असते. ती चुकीची आहे. वारंवार दिलेल्या अभिवेदनांनी मुदत वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९८९ मध्येच स्पष्ट केले. जुन्या, मुदत उलटलेल्या मागणीला खात्याने उशिरा उत्तर दिले तरी मेलेला दावा पुन्हा जिवंत होत नाही, असे २००८ च्या निकालात सांगितले गेले. म्हणजे 'विचाराधीन' हा शब्द नोकराला आशा देतो आणि त्याच वेळी त्याची मुदत खातो. उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याला याची काहीही किंमत मोजावी लागत नाही. उलट त्याच्या मौनाचा लाभ त्याच्याच खात्याला मिळतो.

भेदभावाच्या तक्रारीत ही अडचण अधिक तीव्र होते. बडतर्फीचा हुकूम हातात पडतो, त्यावर तारीख असते. भेदभाव हुकमाच्या रूपाने क्वचितच येतो. तो गोपनीय अहवालातील एका शेऱ्यात असतो, बिंदुनामावलीतील एका चुकीच्या नोंदीत असतो, निवड समितीच्या टिपणीत असतो. सीमा रस्ते बांधणीच्या सेवेतील एका अभियंत्याच्या प्रकरणात हे देशासमोर आले. त्याच्या एका वर्षाच्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता. पदोन्नतीसाठी 'अत्युत्तम' शेऱ्याची अट होती. शेरा प्रतिकूल नाही म्हणून तो त्याला कळविलाच गेला नाही आणि त्याच शेऱ्यामुळे त्याची पदोन्नती हुकली. प्रत्येक शेरा कळविलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला; तोपर्यंत तो अभियंता निवृत्त झाला होता. त्यानंतर केंद्र सरकारने २००९ मध्ये संपूर्ण अहवाल दाखविण्याचा आदेश काढला आणि त्याविरुद्ध अभिवेदन देण्यास मुदत ठेवली पंधरा दिवसांची. वर्षभराच्या मूल्यमापनाला आव्हान द्यायचे, पुरावे जमवायचे, तेही ज्याच्या हाताखाली पुन्हा काम करायचे आहे त्या अधिकाऱ्याविरुद्ध. आणि त्यासाठी पंधरा दिवस.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही तेच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारीची मुदत घटनेपासून, आणि घटना अनेक असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिने आहे. समिती ती कारणे नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यापुढे समितीचे हात बांधलेले आहेत. ज्या स्त्रीचा परिवीक्षा काळ संपायचा आहे, जिच्या कायम होण्याच्या कागदावर त्याच अधिकाऱ्याची सही हवी आहे, तिने या सहा महिन्यांत बोलावे अशी कायद्याची अपेक्षा आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मुदत ही माहितीच्या विषम वाटपावर बसविलेली अट आहे. माहिती, कागद आणि वेळ या तिन्ही गोष्टी मालकाच्या ताब्यात आहेत. घड्याळ मात्र नोकराविरुद्ध चालते. येथे मालक स्वतः शासन आहे, म्हणून तुलना शासनाच्या स्वतःच्या मुदतीशी केली पाहिजे. मुदत अधिनियम, १९६३ च्या परिशिष्टातील ११२ व्या बाबीनुसार सरकारने दावा लावायचा असेल तर त्याला सर्वसाधारणपणे तीस वर्षांची मुदत आहे. कारण उघड आहे: शासनयंत्रणा मोठी, तिला कळायला उशीर लागतो. एवढ्या यंत्रणेला कळायला तीस वर्षे लागू शकतात, तर तिच्या शेवटच्या पायरीवरील लिपिकाला एका वर्षात सर्व कळले पाहिजे, हा न्याय कोणता?

महाराष्ट्रात विलंबाविरुद्ध कायदाच नाही असेही नाही. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या राज्य अधिनियमानुसार कोणतीही फाईल सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे पडून राहता कामा नये. हेतुपुरस्सर विलंब शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र आहे. परंतु ही कारवाई करायची वरिष्ठांनीच. नोकराची मुदत चुकली तर त्याचा हक्क जातो. अधिकाऱ्याची मुदत चुकली तर नोकराला काहीच मिळत नाही.

मुदत अजिबात नसावी, असे कोणी म्हणणार नाही. ज्येष्ठतेच्या यादीवर शेकडो माणसांची आयुष्ये उभी असतात. वीस वर्षांनी एकाला वर नेले तर ज्यांचा काही दोष नाही असे इतर खाली येतात. साक्षीदार निवृत्त होतात, कागद नष्ट होतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या आणखी एका निकालात केलेला भेद म्हणूनच योग्य आहे: वेतन वा निवृत्तिवेतन चुकीचे ठरविले असेल तर तो चालू राहणारा अन्याय, त्यात उशिरानेही दाद मिळावी, मात्र थकबाकी सामान्यतः तीन वर्षांपुरती, जेथे इतरांचे हक्क गुंतले आहेत तेथे विलंब आडवा यावा. आक्षेप मुदतीला नाही. ती कोणत्या क्षणापासून मोजायची आणि मौनाचा भार कोणी वाहायचा, याला आहे.

आणि हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेत खाजगी कारखान्यातील कामगाराला भेदभावाची तक्रार नोंदविण्यास १८० दिवस, काही राज्यांत ३०० दिवस मिळतात. संघराज्य सरकारच्या नोकराने मात्र पंचेचाळीस दिवसांत खात्याच्या समुपदेशकाकडे गेले पाहिजे. १९९२ पूर्वी तर तीसच दिवस होते. कायदा करणारे शासन जेव्हा स्वतःच मालक असते तेव्हा ते स्वतःविरुद्धची खिडकी अरुंद ठेवते, हे भांडवलशाही लोकशाहीच्या मायभूमीतही दिसते.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. एक, प्रत्येक प्रतिकूल आदेशाच्या तळाशी दाद कोठे व कोणत्या तारखेपर्यंत मागता येईल हे छापलेले असावे. तसे नसेल तर मुदत सुरू होऊ नये. यात अशक्य काही नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात माहिती नाकारताना अपिलाची मुदत व अपील अधिकारी कळविण्याचे बंधन आहेच. दोन, भेदभावाच्या तक्रारीत मुदत नोकराला लेखी माहिती मिळाल्याच्या दिवसापासून मोजावी. तीन, अभिवेदनावर लेखी निर्णय होईपर्यंत नोकराची मुदत थांबलेली राहावी. चार, लैंगिक छळाच्या तक्रारीची मुदत किमान एक वर्ष असावी.

कायदा बदलेपर्यंत काम थांबत नाही. कर्मचारी संघटनांत असलेल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक कार्यालयात एक साधी नोंदवही ठेवावी: आदेश केव्हा मिळाला, अभिवेदन केव्हा दिले, आवक क्रमांकासह पोच घेतली काय, सहा महिने केव्हा संपतात, वर्ष केव्हा संपते. स्मरणपत्रांवर विसंबू नका, हे प्रत्येक सभासदाला सांगावे. विशेषतः चतुर्थ श्रेणीतील, मागासवर्गीय आणि स्त्री कर्मचाऱ्यांना, कारण वकिलापर्यंत ते सर्वांत शेवटी पोहोचतात. सभेतील घोषणेइतके हे काम डोळ्यांत भरणार नाही. पण एका माणसाची एक तारीख वाचली, तर सोळाव्या अनुच्छेदाची हमी त्याच्यापुरती तरी खरी ठरेल.