काल काहून नाई आला?

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की तिवसा तालुक्यात मोझरी लागते. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे गुरुकुंज आश्रम काढला. महाराजांची स्वतःची शाळा मराठी तिसरीपाशी थांबलेली. पुढे २००५ साली नागपूरच्या विद्यापीठाला नाव लागले ते त्यांचेच. पण त्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत त्यांचे एक विद्यापीठ चालत होते. त्याला प्रवेश अर्ज नव्हता, फी नव्हती, आणि शिकवणाऱ्याच्या हातात खडूऐवजी खंजिरी होती. अभ्यासक्रम पाहायचा तर महाराजांच्या ‘ग्रामगीते’ची अनुक्रमणिका उघडावी. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या आणि त्यांत ग्राम-आरोग्य, जीवन-शिक्षण, महिलोन्नती, श्रम-संपत्ती असे विषय. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ चळवळीत चिमूर-आष्टी पेटली आणि महिनाअखेर इंग्रज सरकारने महाराजांना चंद्रपुरात पकडले. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगातून ते सुटले ते डिसेंबरात. नुसत्या टाळकुटीला सरकार भीत नसते. महाराजांच्या भजनांतून लोक काहीतरी शिकत होते.

आता समाज, आरोग्य, इतिहास हे सगळेच फोनात आले आहे आणि फुकट आले आहे. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन शिक्षणाचे पोर्टल २०१७ पासून चालू आहे. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी. ज्याचे वीस खंड ठेवायला अख्खे कपाट लागे, तो वाईचा मराठी विश्वकोश आता बांधावर बसून वाचता येतो. याला नाके मुरडण्याचे कारण नाही. रात्री भांडी घासून झाल्यावर एखादी बाई अर्धा तास रक्तदाबाविषयी ऐकते, न समजलेले मागे नेऊन पुन्हा ऐकते. ही सोय खंजिरीवाल्या बुवाकडेही नव्हती.

पण फुकट मिळाले म्हणून लोक शिकले, असे झालेले नाही. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित संस्थांनी ‘एडएक्स’वर आपले वर्ग जगाला खुले केले. २०१७-१८ मध्ये तिथे नाव घालणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे शेकडा जेमतेम तीन निघाले. आपल्याकडे भाषेची अडचण आहेच, ‘स्वयम्’वरचे शिकवणे बहुतांशी इंग्रजीत असते. मात्र हार्वर्डच्या वर्गात नाव घालणाऱ्या सगळ्यांचे इंग्रजीवाचून अडले, असे कोणी म्हणणार नाही. आणि फीवाचून तर कोणाचेच अडले नव्हते.

अडले कशाने, ते महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला बसले की कळते. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. सकाळी रामधूनची फेरी ज्या गल्लीतून जायची ती गल्ली आधी झाडलेली हवी, दारात सडा-रांगोळी हवी. म्हणजे स्वच्छतेचा धडा संध्याकाळी कानावर पडला की त्याची परीक्षा सकाळी, तीही आपल्याच दारात. आणि एखादा दिवस दांडी मारली, तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर किंवा पानठेल्यावर कोणीतरी हटकणारच, “काल काहून नाई आला?” फोनही आठवण करून देतो. पण त्याची आठवण अंगठ्याने बाजूला सारता येते. शेजाऱ्याच्या ‘काहून’ला उत्तर द्यावे लागते.

एकच उदाहरण घेऊ. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. हा रक्ताचा आजार जनुकांतून पुढच्या पिढीत उतरतो. आई आणि बाप दोघेही नुसते वाहक असले, स्वतः धडधाकट असले, तरी प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. लग्नाआधी दोघांचे रक्त तपासले तर हे आधीच कळते. दहा मिनिटांचा धडा आहे आणि फोनवर फुकट मिळतो. समजा, एखाद्या पोराने तो एकट्याने पाहिला. त्याला पटलाही. पुढे काय? सोयरीक तो एकटा जुळवत नाही. मामा असतो, आत्या असते, मधला माणूस असतो, आणि पोरीची तपासणी मागितली तर लोक काय म्हणतील हा धाक असतो. हाच धडा प्रार्थनेनंतर सगळ्या गावाने एका सतरंजीवर बसून ऐकला, तर तपासणी मागणारा एकटा पडत नाही. मुलाकडच्यांनी आपलाही कागद पुढे करावा, हे तिथेच ठरते. आरोग्याचे, समाजाचे पुष्कळसे ज्ञान असेच आहे. ते एका डोक्यात राहिले तर माहिती, चार घरांत एकदम गेले तर चाल.

सतरंजीवाल्यांनीही मिरवण्याचे कारण नाही. ‘ग्रामगीता’ १९५५ ची. त्यानंतर गावात मधुमेह आला, फवारणीच्या विषबाधा आल्या, खोट्या औषधांचे सांगावे फोनवर फिरू लागले. महाराजांनी आपल्या काळाचे प्रश्न ओवीत घातले. आपण त्या ओव्यांचे पारायण करतो आणि आपल्या काळाचे प्रश्न चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. प्रार्थनेला बसणाऱ्यांकडे माणसे आहेत, धडे जुने. फोनकडे धडे ताजे आहेत, माणूस एकेकटा.

तेव्हा नवे ॲप, नवे पोर्टल, उद्घाटनाची फीत यांतले काहीच लागत नाही. प्रार्थना संपल्यावर वीस मिनिटे एक पडदा, विश्वकोशातली एखादी नोंद किंवा मराठीतला एखादा धडा, आणि त्यावर बोलायला गावातली आशाताई किंवा मास्तर. सरकारी अहवालांत किती लाखांनी नावे नोंदवली याचे आकडे येतच राहतील. गावाने आपल्यापुरती दुसरी मोजणी ठेवावी: काल कोण आले नव्हते आणि त्यांना आज कोणी विचारले.