दिवा विझला म्हणजे झालं?

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. त्याने नुकतीच एक सेकंडहँड डिझेल गाडी घेतली आहे. छोटीशीच, पण घरातली पहिली गाडी, त्यामुळे कौतुक भारी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आला, "दादा, डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाय. तो घालवायचा कसा?"

प्रश्न ऐकून मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. दोन वर्षांपूर्वी मीही हेच विचारत होतो. दिवा का लागला, हे विचारायचं मला तेव्हा सुचलंच नव्हतं. त्याला फोनवर थोडक्यात काहीतरी सांगितलं, पण समाधान झालं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय. घरच्या मंडळींपैकी निम्म्यांना यातली अर्धी गोष्ट माहीत आहे. उरलेली अर्धी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आमची गाडीही छोटी डिझेलच, २०१३ सालची. त्या काळात पेट्रोल आणि डिझेलच्या भावात इतका फरक होता की रोज चाळीस किलोमीटर ये-जा करणाऱ्याने पेट्रोल गाडी घेतली तर लोक वेड्यात काढायचे. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले गेले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि बऱ्याच कंपन्यांनी छोट्या गाड्यांत डिझेल इंजिन देणंच थांबवलं. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणाऱ्या या गाड्यांतल्या बऱ्याचशा वयस्क झाल्या आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या आहेत, आणि त्यांचे दिवे आता लागायला लागले आहेत.

आमच्या गाडीत तो दिवा पहिल्यांदा लागला सप्टेंबर २०२३ मध्ये. गाडी तर व्यवस्थित चालत होती. मी नऊशे रुपयांचा एक ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात तो खोचायचा आणि मोबाईलवर वाचायचं. कोड आला पी-०२९९. सोबत इंग्रजीत अर्थ, की टर्बोचा दाब कमी पडतोय. त्याखाली एक बटण होतं, कोड पुसून टाका. मी दाबलं. दिवा विझला. नऊशे रुपयांत गाडी दुरुस्त! त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोला दोनदा सांगितलं.

दहा-बारा दिवसांनी दिवा परत लागला. परत पुसला. नोव्हेंबरपर्यंत हे चार वेळा झालं.

याच काळात बाबा एकदा गाडीत शेजारी बसले होते. आमचे बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं होते. सिंहगड रोडला मी जरा जोरात गाडी काढली तसे म्हणाले, "अरे, सीटी वाजतेय. हवा कुठेतरी जातेय बघ." मी काय म्हणालो असेन? "बाबा, आता गाड्या कॉम्प्युटरवर चालतात. कानाने नाही कळत काही." ते गप्प बसले. ही ती न सांगितलेली अर्धी गोष्ट.

डिसेंबरात वाईला आत्याच्या नातीचा साखरपुडा होता. आई आणि बायको मागे, बाबा पुढे, डिकीत आहेराचं सामान. खंबाटकीचा घाट चढायला लागलो आणि दुसऱ्याच वळणावर गाडीचा जोर गेला. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी गाडी पुढे जाईना. दिवा लागलेला. मागे काळ्या धुराचा लोट आणि त्यामागे हॉर्न वाजवणारा ट्रक. दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने कशीबशी एका रुंद जागी गाडी घेतली. बंद करून परत चालू केली तर जोर परत आला! दोन वळणं गेलो आणि पुन्हा तेच. त्या चढावर मागचा ट्रक वेळेत थांबला नसता तर... असो. आई मागे रामरक्षा म्हणत होती, एवढं सांगितलं तरी पुरे.

याला लिंप मोड म्हणतात. इंजिनाच्या कॉम्प्युटरला हवेचा दाब ठरल्याप्रमाणे मिळेना की तो इंजिन वाचवायला डिझेल कमी करतो आणि टर्बोचं काम रोखतो. चावी बंद केली की तो पुन्हा एकदा नव्याने प्रयत्न करून बघतो. म्हणून गाडी 'बरी' झाल्यासारखी वाटते.

पुण्यात आल्यावर एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. तिथल्या मुलाने त्यांचा मोठा स्कॅनर लावला. पी-०२९९. टर्बो बदलावा लागेल, अंदाजे अठ्ठेचाळीस हजार. मी घरी येऊन पैशांची जुळवाजुळव करायला बसलो, तेव्हा बाबा म्हणाले, "उद्या सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघड."

सकाळी त्यांनी टॉर्च घेतला आणि टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होज पाईपच्या खालून हात फिरवला. हात बाहेर काढला तर बोटं तेलाने काळी. "इथून." एवढंच बोलले. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मेकॅनिकने पाईपचं एक टोक बंद केलं, दुसरीकडून कॉम्प्रेसरची थोडीशी हवा सोडली आणि साबणाचं पाणी शिंपडलं. क्लॅम्पच्या अगदी कडेला फसफसून बुडबुडे आले. दीड इंचाची चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली असायची. जोर लावला, हवेचा दाब वाढला की ओठासारखी उघडायची. म्हणून सीटी, म्हणून चढावर जोर नाही, म्हणून काळा धूर. हवा मोजणारा सेन्सर या चिरेच्या आधी असतो. त्याने मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचतच नव्हती, डिझेल मात्र त्या हिशोबाने पडत होतं.

नवीन पाईप, दोन क्लॅम्प, मजुरी, सगळं मिळून दोन हजार दोनशे. टर्बो चांगला होता. पण मेकॅनिक जे म्हणाला ते माझ्या डोक्यात बसलं आहे. "साहेब, अजून थोडे महिने असंच चालवलं असतं तर टर्बो खरंच गेला असता." हवा गळत असेल तर दाब भरून काढायला टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो. म्हणजे सर्व्हिस सेंटरचं चुकीचं निदान मी माझ्या हाताने खरं करून दाखवायच्या बेतात होतो.

सर्व्हिस सेंटरच्या त्या मुलाला मी चोर म्हणणार नाही. कोडमध्ये टर्बो लिहिलं होतं, त्याने टर्बो सांगितला. मीही तेच केलं असतं. चूक आहे ती कोड वाचण्याच्या पद्धतीत. त्यातलं 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, त्यापुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, आणि उरलेले आकडे सांगतात की अमुक ठिकाणी मिळालेला आकडा अपेक्षेत बसला नाही. बस्स. का बसला नाही, हे त्याला माहीत नसतं. थर्मामीटरने १०२ दाखवलं तर ताप आहे एवढंच कळतं, मलेरिया की टायफॉईड ते कळत नाही. पी-०२९९ मागे फाटलेला पाईप असेल, चोंदलेला एअर फिल्टर असेल, उघडी अडकलेली ईजीआर व्हॉल्व्ह असेल, व्हॅक्यूमची बारीक नळी निघाली असेल, दाबाचा सेन्सरच खोटं बोलत असेल. यात टर्बो शेवटी यायला हवा, कारण बाकीचं तपासायला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

आणि माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे ते पुसायचं बटण. कोड साठवताना गाडी त्या क्षणाची नोंदही ठेवते. वेग किती होता, इंजिन किती आरपीएमवर होतं, भार किती होता, पाणी किती तापलं होतं. कोड पुसला की ही नोंदही जाते. चार वेळा गाडीने मला सांगितलं असणार की जोर लावल्यावरच हे होतंय. चारही वेळा मी तो कागद न वाचता फाडला. शिवाय दोष गेला तर बहुतेक गाड्यांत तीन-चार वेळा नीट चालल्यावर दिवा आपोआप विझतो. म्हणजे दुरुस्ती खरी झाली की नाही हे सांगणारा साक्षीदारही तोच. पुसायचाच असेल तर आधी फोटो काढून ठेवा, आणि दुरुस्तीनंतर पुसा.

आता माझ्या भावासाठी, आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी.

लाल आणि पिवळ्यातला फरक आधी पाठ करा. तेलाच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' नाही. तो दिवा तेलाची पातळी सांगत नाही, दाब सांगतो, आणि दाबाशिवाय इंजिन मिनिटांत जाम होऊ शकतं. तापमानाचा लाल दिवा लागला तरी थांबायचं, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पिवळ्या दिव्याला सहसा वेळ असतो, पण तो आठवड्याचा, वर्षाचा नाही.

स्प्रिंगसारखा वेटोळ्याचा पिवळा दिवा हीटर प्लगचा. थंडीत चावी फिरवल्यावर तो विझेपर्यंत थांबा, मग स्टार्ट करा. फिल्टरमध्ये पाणी आल्याचा दिवा असेल आणि तो लागला तर त्याच दिवशी पाणी काढून घ्या. पंपाला वंगण डिझेलचंच असतं. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, इथे डिझेल हजार बारच्या वर दाबलं जातं. तिथे पाणी गेलं की पंप आणि इंजेक्टर दोन्हीचा खर्च. एकदम पाच-सहा दिवे लागले तर घाबरण्याआधी बॅटरी आणि तिची अर्थिंग तपासा.

आणि सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा चावी फिरवून, इंजिन चालू न करता, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का ते बघा. तो लागलाच पाहिजे. लागला नाही तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय असं समजा.

हे वाचून कुणाला वाटेल की मी स्कॅनर फेकून दिला. तसं नाही. बाबांनीच मला फेकू दिला नाही. जुन्या डिझेलमध्ये कुठला सिलिंडर बंद आहे ते बघायला ते इंजेक्टरच्या पाईपचा नट एकेक करून सैल करायचे. मी विचारलं, "या गाडीत करून बघायचं का?" तर म्हणाले, "वेडा आहेस का? इथला फवारा कातडी फोडून आत जाईल. इथे तुझं यंत्रच हवं. ते काय म्हणतंय ते आधी वाच, मग हात घाल." म्हणजे ज्याला मी कॉम्प्युटर कळत नाही असं म्हणालो होतो, त्याला कॉम्प्युटर कुठे लागतो हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मला मात्र कान कुठे लागतो हे कळत नव्हतं.

माझं मत विचाराल तर एवढंच आहे. यंत्राने आपल्याला बिघाडांची नावं फुकट दिली, आणि नाव कळलं म्हणजे बिघाड कळला असं आपण सगळेच समजायला लागलो. गिऱ्हाईक, मेकॅनिक, सर्व्हिस सेंटर, सगळेच. कुणी मोठं एस्टिमेट पुढे केलं तर विचारा, "हा पार्ट खराब आहे हे कशावरून?" उत्तर 'कोड आलाय' एवढंच असेल तर गाडी घेऊन घरी या.

त्या सिंहगड रोडच्या बोलण्याबद्दल मी बाबांची माफी मागितलेली नाही. आपल्याकडे वडिलांना सॉरी म्हणायची पद्धत नाही. पण आता दर महिन्याला एकदा त्यांना शेजारी बसवून गाडी कात्रजच्या घाटापर्यंत नेतो, रेडिओ बंद करतो, आणि विचारतो, "काही ऐकू येतंय का?"

मावसभावाला म्हटलं, रविवारी गाडी घेऊन ये. पण कोड पुसू नकोस. बाबांना आधी ऐकू दे.