काचेखालचं गाव

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यासमोर भूमध्य समुद्रात केकोवा नावाचं लांबट, निर्मनुष्य बेट आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या भूकंपात त्याच्या उत्तर काठावरचं प्राचीन गाव खचलं आणि निम्मं पाण्यात गेलं. काचेच्या तळाच्या होड्या आज तिथून अगदी संथ सरकतात. खडकात कोरलेला जिना थेट पाण्यात उतरतो. काचेतून खाली पाहावं, तर घरांच्या भिंती आणि वाळूत रुतलेली मातीच्या रांजणांची खापरं दिसतात. त्यांच्यामधून माशांची बिनधास्त ये-जा चालू असते. १९९०पासून हा परिसर संरक्षित आहे. बुडालेल्या अवशेषांपाशी पोहायला, बुडी मारायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. उचललेलं खापर पुन्हा जागेवर जात नाही. जाणाऱ्यांनी सकाळची होडी गाठावी. वारा पडलेला असला की तळ स्वच्छ दिसतो.