कॅमेरा नोव्हेंबरात पाठवा

प्रजासत्ताक दिनाच्या आसपास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं. मुंबईत राणीच्या बागेतही हिवाळ्यात भरतं. वाहिन्यांचे प्रतिनिधी दोन्हीकडे जातात. फीत कापणारे पाहुणे, फुलांनी मढवलेली एखादी मोठी आकृती, सेल्फी काढणारी मुलं, ‘कसं वाटतंय?’, ‘खूपच छान!’ दीड-दोन मिनिटांत बातमी आटोपते. गर्दी दिसते, रंग दिसतात. पण टेबलावरच्या बाटलीतला तो एक गुलाब नेमका त्याच सकाळी कसा उमलला, हे कुणी विचारतच नाही.

छाटणीनंतर गुलाबाला फूल यायला, थंडीच्या मानानं, दीड-दोन महिने जातात. म्हणून स्पर्धेत उतरणारा माणूस प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे मोजत येतो आणि नोव्हेंबर सरता सरता कात्री हातात घेतो. बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा शोधायचा, त्याच्या पाव इंच वर तिरका काप द्यायचा. आत वळलेल्या डोळ्यावर कापलं तर फांद्या झाडाच्या मध्यात दाटी करतात, वारा खेळत नाही, भुरी धरते. पुढे दांड्यावर कळ्या आल्या की मधली राखायची, बाजूच्या लहान असतानाच खुडायच्या. शेवटच्या आठवड्यात थंडी वाढली तर कळी अडून बसते, ऊन तापलं तर फूल परीक्षकांच्या आधीच उलून जातं. दोन महिने जपलेलं ते फूल भल्या पहाटे कापून, दांडा पाण्यात बुडवून, माणूस मंडपात पोचतो. परीक्षक वाकून पाकळ्यांची ठेवण, दांड्याचा सरळपणा, पानांवरचे डाग बघत असतात आणि हा थोडा लांब उभा असतो. ही घालमेल टीव्हीवर दिसायला हवी.

बीबीसीवर ‘गार्डनर्स वर्ल्ड’ हा कार्यक्रम 1968 पासून चालू आहे. त्याचा सूत्रसंचालक माँटी डॉन त्यात स्वतःच्याच बागेत पेरतो, खणतो, आणि एखादं रोप मेलं तर तेही दाखवतो. 1913 पासून भरणाऱ्या लंडनमधल्या चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाला बीबीसीवर आठवडाभर रोज वेळ मिळतो. रोपं वाढवणारी माणसं स्वतः बोलतात. आपल्याकडेही मुंबई दूरदर्शननं ‘आमची माती, आमची माणसं’मधून शेतकऱ्याला हातात माती घेऊन बोलू दिलंच की!

आज गॅलरीत पाच-दहा कुंड्या नाहीत असं घर शहरात शोधावं लागेल. प्रदर्शनातून फुललेलं रोप हौसेनं आणलं जातं आणि महिन्याभरात पानं पिवळी पडतात. बहुतेकदा पाणी जास्त झालेलं असतं, कुंडीचं भोक बुजलेलं असतं. हे दाखवायला पाच मिनिटं आणि एक माळी पुरतो. बागेतल्या माळ्याइतका या विषयाचा जाणकार दुसरा कोण? पण त्याच्यापुढे माइक धरलेला आम्ही क्वचितच पाहिला.

संपादकांना आमचं कळकळीचं सांगणं आहे, की येत्या नोव्हेंबरात एक कॅमेरा कुणा गुलाबवाल्याच्या गच्चीवर पाठवा. तेव्हा तिथे नुसत्या बोडक्या काड्या असतील. आठ-दहा दिवसांनी पुन्हा जा. त्या तिरक्या कापाखालचा डोळा फुगून तांबडा झालेला असेल.